नखभर आखूड काठी

“चारच्या वर घेऊ नकोस, वेर्ना. बोटं चारच असतात. अंगठा लागतो धरून ठेवायला.”

वेर्नाचा नवरा लिंडसे हे पहिल्यांदा म्हणाला त्याला तीस वर्षं होऊन गेली. शिशाचा एक घोडेस्वार त्याने तिच्या तळहातावर ठेवला होता. करडा कोट, नाक जरा जास्तच लांब रंगवलेलं. मग त्याने तो उलटा करून तळाशी लिहिलेला चारचा आकडा तिला दाखवला. हा तुझा सेनापती. चार तुकड्या सांभाळेल एवढीच त्याची ताकद. पाचवी त्याच्या गळ्यात घातलीस तर पाचवी हातची जाईलच, वर आधीच्या चारही ढिल्या पडतील. त्यानंतर दर वर्षी लढाई मांडताना तो हेच म्हणायचा आणि ती दर वर्षी “हो रे बाबा” म्हणायची.

आता म्हणणारा राहिला नव्हता. जूनमधल्या, म्हणजे तिथल्या ऐन थंडीतल्या, त्या शनिवारी सकाळी, ओमारूच्या चर्चमागच्या हॉलमध्ये हीटरकडे पाठ करून वेर्ना रॅट्रे पाचव्या तुकडीच्या तळाला करडा लोकरीचा धागा बांधत होती. मग सहाव्या. नवव्या तुकडीपर्यंत पोचली तेव्हा बोटं अशी गारठली होती की गाठच बसेना.

टेबलाच्या पलीकडून ओवेन पॅस्को चष्म्यावरून बघत होता. जन्मभर लोकरीची पारख करण्यात गेलेला माणूस, त्यामुळे धागा कुठलाही असो, त्याच्या नजरेतून सुटत नसे. तीस वर्षं तो शत्रूपक्षच चालवत आला होता. कुणीतरी वाईट असायलाच हवं, असं म्हणायचा.

“नऊ,” तो म्हणाला. “तुझ्या त्या नाकाड्याला नऊ. मला आज काही करायलाच नको. मी आपला कोपऱ्यात बसून चीज रोल खातो, तूच हरशील.”

“रोल दुपारी आहेत,” वेर्ना म्हणाली.

टेबलावर शिशाच्या शिपायांच्या लढाया खेळणारं सोळा जणांचं मंडळ आता तिघांवर आलं होतं. वेर्ना, ओवेन आणि सेमिसी. सेमिसी खाटीकखान्यात कामाला होता आणि टोंगन बेटांवरून आलेल्या मंडळीच्या उपासनेत रविवारी प्रवचन द्यायचा. चर्चच्या जत्रेत त्याने एकदा शिशाचे शिपाई पाहिले, एक उचलून बराच वेळ हातात धरला आणि पुढच्या मंगळवारी दारात येऊन उभा राहिला. त्याच्यामुळेच मोठी लढाई शनिवारी आणि सोमवारी व्हायची. मधल्या रविवारी टेबलावर जुन्या चादरी पसरलेल्या असत आणि त्यांच्याखाली दोन्ही सैन्यं जिथल्या तिथे झोपलेली असत. त्या दिवशी चादर कुणी उचलायची नाही, असा ठराव झाला होता. राजाच्या वाढदिवसाची सोमवारची सुट्टी त्यासाठी सोयीची पडायची.

नियम लिंडसेचे होते, शाळेच्या वहीत पेन्सिलीने लिहिलेले. ज्याचा धागा त्याचा हुकूम. सेनापतीपासून काठीच्या लांबीत असेल तीच तुकडी हुकूम ऐकणार, बाहेर गेली की जागच्या जागी उभी. एका सेनापतीची तुकडी दुसऱ्याकडे द्यायची तर दोन्ही घोडेस्वार तळाला तळ लावून उभे राहिले पाहिजेत, निरोप्या चालायचा नाही, आणि त्या फेरीत ती तुकडी नुसती उभी. मंडळातून जो जाई, मग तो गावातून जावो की जगातून, त्याचा सेनापती काचेच्या कपाटात खिडकीकडे तोंड करून ठेवला जायचा. तो परत कुणी हलवायचा नाही. कपाटात अकरा घोडेस्वार होते. तेरा असायला हवे होते.

कमी असलेल्या दोघांतला एक, अकरा वर्षांपूर्वी मंडळ सोडून गेलेल्या मर्डो गनच्या खिशात होता, किंवा त्याच्या घरात कुठल्याशा खणात. दुसरा लिंडसेचा. तो वेर्नाच्या पिशवीत होता, चहाच्या जुन्या डब्यात, कापसात गुंडाळलेला. त्याच्या तळाशी पाचचा आकडा होता. अख्ख्या मंडळात पाच त्या एकट्याचा.

तो डबा ती दोन वर्षं पिशवीत वागवत होती. शेवटच्या आजारपणात लिंडसेने तिला सांगितलं होतं की हा कपाटात ठेवू नकोस, कुरोवला जा, मर्डोच्या हातात दे, आणि काठीचं त्याला सांग. ती हो म्हणाली होती. देवाला स्मरून हो म्हणाली होती, कारण तिचं हो तसंच असायचं. रोज सकाळी चहाआधी एक स्तोत्र वाचायचं हा नेम तिने चाळीस वर्षांत मोडला नव्हता. लिंडसे गेला त्या सकाळीही नाही. पण ओमारूपासून कुरोवपर्यंतचा तासाभराचा रस्ता तिच्याने दोन वर्षांत झाला नव्हता. नाताळला कार्ड पाठवायची. तब्येतीची चौकशी, हवापाण्याची चौकशी. काठीबद्दल एक अक्षर नाही.

लढाई दहाला सुरू झाली. नियमाप्रमाणे चारावर भार चढला की सगळ्याच तुकड्या ढिल्या होतात आणि हुकूम देण्याआधी प्रत्येकीसाठी फासा टाकावा लागतो. एक किंवा दोन पडले तर ती हलत नाही. वेर्ना दर फेरीला नऊ फासे टाकत होती. पहिल्या फेरीत तीन तुकड्या हलल्या नाहीत, दुसऱ्यात चार. एकीला पूल ओलांडायचा होता, ती पुलावरच उभी राहिली आणि तिच्यामागची तिच्यावर येऊन अडली. डाव्या बगलेच्या पाच तुकड्या, ज्यांना गेली कित्येक वर्षं लिंडसेचा तपकिरी धागा असायचा, त्या तर आज कुणाच्याच नसल्यासारख्या विखरून उभ्या होत्या. वेर्ना टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जात होती, मधेच चहाच्या मोठ्या भांड्याखालचं बटण बघून येत होती, मधेच दार नीट लागलंय का ते. हॉलच्या किल्ल्या तिच्याकडे, फरशी पुसायची तिने, वर्गणीची आठवण तिनेच करायची. कमरेतून कळ येत होती.

सेमिसी तिच्याच बाजूने लढत होता, उजव्या बगलेवर, त्याच्या तीनच्या आकड्याच्या सेनापतीला घेऊन. बरोबर तीन तुकड्या, हिरवा धागा, एकही ढिली नाही. तिसऱ्या फेरीनंतर तो हळूच तिच्याजवळ आला.

“आंटी, दोन मला द्या ना.”

“तुझा तीनचा आहे.”

“मग माझ्या ढिल्या पडतील, तुमच्या थोड्या कमी पडतील.”

“पडू देत माझ्याच.”

“हे तुम्ही चर्चच्या फुलांच्या वेळीही म्हणता,” सेमिसी म्हणाला. “आणि कपबशा धुण्याच्या वेळी.”

ओवेनने पलीकडून, कान तिकडेच लावून, शिस्तीत आपलं घोडदळ पुढे सरकवलं.

साडेबारापर्यंत डावी बगल फाटण्याच्या बेतात आली होती. एकच तुकडी ओवेनची वाट अडवू शकत होती, टेकडीमागे उभी असलेली, आणि फासाही तिच्यासाठी चांगला पडला. वेर्नाने काठी उचलली. ती लाकडी काठी चर्चच्या मोडलेल्या बाकातून लिंडसेने तासली होती, बरोबर एक फूट, मधोमध हाताच्या घामाने काळपट झालेली. तिने एक टोक नाकाड्याच्या घोड्याला लावलं. दुसरं टोक तुकडीच्या नखभर अलीकडे थांबलं.

ती वाकून बघत राहिली.

“पोचत नाही,” ओवेन म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्यालाही बहुतेक कंटाळा आला होता, इतकं सोपं जिंकायचा. “वाईट वाटतं, वेर्ना, पण नाही पोचत.”

“माझ्या काठीने बघा,” सेमिसी म्हणाला.

त्याने कोटाच्या आतल्या खिशातून काठी काढली. नवी, फिकट लाकडाची. लिंडसेने आजारपणात बिछान्यात बसून त्याच्यासाठी केलेली शेवटची वस्तू. सेमिसीने ती घरी बायबलशेजारी ठेवली होती आणि मोठ्या लढाईलाच प्रथम आणायची असं ठरवलं होतं. गेल्या वर्षी लढाई झाली नाही, म्हणून ती आज पहिल्यांदा हॉलमध्ये आली होती. त्याने ती लावली. टोक तुकडीच्या तळाला जाऊन टेकलं.

सेमिसीला वाटलं आपलं चुकलं. त्याने पुन्हा लावली. मग दोन्ही काठ्या हिरव्या कापडावर शेजारी ठेवल्या, एका टोकाला अंगठा टेकवून सारख्या केल्या आणि दुसऱ्या टोकाकडे बघितलं.

“ह्या सारख्या नाहीत, आंटी.”

ओवेन टेबलाला वळसा घालून आला. चष्मा कपाळावर नेला, परत डोळ्यांवर घेतला. “तुझी लांब आहे.”

“माझी त्यांनी पोलादी पट्टीवर मापली होती. माझ्यासमोर.”

ओवेन खुर्ची ओढून बसला आणि जुनी काठी हातात घेऊन तिचं टोक बोटाने चाचपत राहिला, लोकरीचा धागा चाचपावा तसं. त्याला काय आठवतंय हे वेर्नाला कळत होतं. अकरा वर्षांपूर्वीचा हाच हॉल. त्या साली पंचाचं काम लिंडसेकडे होतं, एका बाजूला वेर्ना, दुसऱ्या बाजूला ओवेन आणि मर्डो. शेवटच्या फेरीत मर्डोच्या घोडदळाने एकदा हुकूम ऐकला असता तर वेर्नाची फौज संपली असती. लिंडसेने काठी लावली आणि म्हणाला, पोचत नाही. मर्डो म्हणाला, काठी आखूड आहे. लिंडसे हसला. म्हणाला, ही काठी केली तेव्हा तुला फासे कसे धरतात तेही येत नव्हतं. सगळे हसले. मर्डोने आपला सेनापती वर्तमानपत्रात गुंडाळला, टोपी घातली आणि गेला. पुढच्या मंगळवारी आला नाही, त्यानंतरच्याही नाही. मग घर विकून वर कुरोवला भावाच्या जर्दाळूच्या बागेवर राहायला गेला.

“म्हणजे मर्डोचं खरं होतं,” ओवेन म्हणाला. “आणि ती लढाई मीही हरलो नव्हतो म्हणायची.”

“लिंडसेला माहीत नव्हतं,” वेर्ना म्हणाली. मग तिने टेबलाची कड धरली. “मला माहीत होतं.”

दोघंही तिच्याकडे बघू लागले. बोलायला एकदा सुरुवात केल्यावर तिने सगळं सांगितलं, आवाज जराही न चढवता, जणू कुणाच्या तरी घरचं सांगतेय. त्या आठवड्यात कुत्र्याने काठीचं टोक चावलं होतं. गुरुवारी रात्रीच्या जेवणाआधी लिंडसेने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून ते टोक कानशीने घासून नीट केलं, रेडिओ ऐकत, आणि घासल्याचं विसरूनही गेला. टेबलावरचा भुसा वेर्नाने ओल्या फडक्याने पुसला होता. शनिवारी मर्डो म्हणाला, काठी आखूड आहे, तेव्हा ती किटली घेऊन त्याच्या मागेच उभी होती. तिला ते फडकं आठवलं. त्याच क्षणी आठवलं. आणि तिने चहा ओतायला घेतला, कारण लढाई ती जिंकत होती. आयुष्यात पहिल्यांदाच जिंकत होती.

“घरी गेल्यावर सांगू म्हटलं. घरी लिंडसे इतका खूश होता. म्हटलं, मंगळवारी सांगू. मंगळवारी मर्डोच नव्हता.”

“आणि पुढे?” सेमिसीने विचारलं.

पुढचं सांगणं जास्त जड होतं. सेमिसीची काठी करताना लिंडसेच्या लक्षात आलं की जुनी नखभर कमी आहे. त्याने वेर्नाला विचारलं, कशी झाली असेल गं, तुला काही आठवतं? आणि ती नाही म्हणाली. मरणाऱ्या माणसाला नाही म्हणाली. तो बापडा आपल्याच हातून काहीतरी झालं असं धरून बसला आणि त्याने तिच्याकडून वचन घेतलं. मर्डोला सांग, माझं चुकलं. माझा पाचाचा त्याला दे. मी त्याला तीनचा आकडा दिला होता, खरं तर तो पाचाचाच माणूस होता, पण मंडळात दोन पाच मला सहन झाले नसते.

“त्याचं चुकलं म्हणून मी कशी सांगू?” वेर्ना म्हणाली. “आणि माझं चुकलं म्हणून सांगायचं, तर तोंड उघडत नाही. दोन वर्षं रोज सकाळी वाटतं, आज.”

हीटर सूं सूं करत होता. ओवेनने काठी खाली ठेवली.

“अकरा वर्षं मी त्याला हट्टी बोकड म्हणत आलोय,” तो म्हणाला. “पाठीमागे. तोंडावर म्हणायला तो हवा ना इथे.” मग म्हणाला, “फोन कर त्याला. वर बर्फ पडलंय, कशाला जातेस.”

“निरोप्या चालत नाही,” सेमिसी म्हणाला. “वहीत आहे. तुकड्या द्यायच्या तर तळाला तळ लागला पाहिजे.”

“ते शिशाच्या माणसांसाठी आहे रे.”

“लिंडसेंनी लिहिताना तसं कुठे म्हटलंय?”

ओवेनने त्याच्याकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. प्रवचन देणाऱ्याशी वहीवरून भांडण्यात अर्थ नव्हता.

त्या दिवशी पुढे फारसं खेळणं झालं नाही. टेकडीमागची तुकडी हलली की नाही हे कुणी ठरवलंच नाही. तीन वाजता वेर्नाने चीज रोल गरम केले, सेमिसीने मान खाली घालून त्यांच्यासाठी देवाचे आभार मानले, ओवेनने चार खाल्ले. कपबशा धुवायला सेमिसी उभा राहिला तेव्हा वेर्नाने फडकं त्याच्या हातात दिलं. ओवेनने ते पाहिलं आणि नुसत्या भुवया वर केल्या. मग तिघांनी मिळून चादरी पसरल्या. डाव्या बगलेवर चादर टाकण्याआधी वेर्ना थांबली.

“ओवेन, माझा सेनापती मी उद्यापुरता उचलून नेला तर तुझी काही हरकत?”

लढाई चालू असताना सेनापती टेबलावरून उचलायचा नसतो. उचलला तर त्याच्या सगळ्या तुकड्या उघड्या पडतात. हे ओवेनला वहीत न बघताही माहीत होतं.

“ने,” तो म्हणाला. “रविवारी मी हल्ला करत नाही. एवढाही वाईट नाहीये मी.” आणि दारापाशी मफलर गुंडाळत म्हणाला, “मर्डोला सांग, बोकड म्हणणारा मी होतो. तेवढा निरोप चालेल का विचार सेमिसीला.”

रविवारी सकाळी वेर्नाने नेहमीचं स्तोत्र वाचलं. गेली दोन वर्षं ओठ नुसते हलायचे. आज एका ओळीवर ती अडली, पुन्हा मागे जाऊन ती ओळ वाचली, मग पुढे गेली. उपासनेला गेली, मागच्या बाकावर बसली. बाहेर पडताना पाद्रीबाईंनी पुढच्या आठवड्याच्या फुलांचं विचारलं. वेर्ना म्हणाली की या खेपेला जमणार नाही, दुसऱ्या कुणाला तरी सांगा. बाईंनी मान डोलावली आणि लगेच दुसऱ्या कुणाला तरी विचारलं. इतकं सोपं होतं ते.

घरी येऊन तिने चहाचा डबा उघडला. लिंडसेचा सेनापती कापसातून काढला, बोटाने त्याच्या टोपीवरची धूळ पुसली आणि परत ठेवला. शेजारी आपला नाकाड्या ठेवला. मध्ये कापूस घातला, रंग घासले जाऊ नयेत म्हणून. पाच तपकिरी धागे गुंडाळी करून वर ठेवले. जुनी काठी डब्याला बाहेरून बांधताना क्षणभर थांबली. मग सेमिसीने काल जाता जाता तिच्या हातात दिलेली नवी काठीही बांधली. दोन्ही शेजारी शेजारी पाहिल्याशिवाय मर्डोला पटणार नव्हतं, आणि पटल्याशिवाय तो ऐकून घेणारा माणूस नव्हता. रोलचे सहा तुकडे फॉईलमध्ये बांधले. मर्डोला ते आवडायचे, आणि त्यात लोणी कमी असलेलं त्याला लगेच कळायचं.

तो उद्या येईल की नाही, हे तिला माहीत नव्हतं. दारातच उभं करेल, असंही वाटत होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, अकरा वर्षांचा राग. पाच तुकड्या घे म्हटल्यावर आधी हसेल. सांगायचं मात्र एकच होतं आणि त्यासाठी तिला फार शब्द लागणार नव्हते. टेबल तिने पुसलं होतं, एवढंच.

बाहेर वारा समुद्रावरून येत होता. तिने डबा गाडीत शेजारच्या सीटवर ठेवला आणि पट्टा त्याच्याभोवती ओढून लावला, लिंडसेला लावायची तसा. चावी फिरवली. गावाबाहेर जिथे रस्ता समुद्राकडे पाठ करून नदीकाठाने वर वळतो, तिथे तिने कुणीही मागे नसताना वळण्याचा दिवा दाखवला, आणि वळली.